आकडा रोगाचा की नोंदीचा?

गणिताच्या किंवा भूगोलाच्या तासाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. पाच जिल्ह्यांची नावे दिलेली असतात आणि त्यांच्यापुढे एका वर्षात आढळलेल्या हिवतापाच्या रुग्णांची संख्या. त्यावरून स्तंभालेख काढायचा आणि हिवताप कोणत्या जिल्ह्यात सर्वांत जास्त आहे ते लिहायचे. विद्यार्थी पट्टी लावून नीटनेटके स्तंभ आखतात, सर्वांत उंच स्तंभाच्या जिल्ह्याचे नाव लिहितात आणि पूर्ण गुण मिळवतात. आमचे म्हणणे असे, की हे उत्तर दिलेल्या माहितीवरून निघतच नाही. त्या तक्त्यावरून एवढेच सांगता येते, की कोणत्या जिल्ह्यात हिवतापाचे रुग्ण सर्वांत जास्त नोंदले गेले. हिवताप कोठे जास्त आहे, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याच्या उत्तरासाठी आणखी माहिती लागते.

हा शब्दच्छल नव्हे. शाळेत लागलेली ही सवय पुढे वर्तमानपत्राच्या मथळ्यांत, सभागृहातील चर्चेत आणि कधीकधी आम्हा संशोधकांच्या लेखांतही दिसते. महाराष्ट्राची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार 11 कोटी 24 लाख होती. एवढ्या मोठ्या समाजात कोणता सांसर्गिक रोग कोठे आणि किती पसरला आहे याचा माग ठेवणे हे अवघड काम आहे. ते करणाऱ्यांविषयी आम्हाला आदरच वाटतो. आमची टीका आहे ती या कामाचे फळ ज्या रूपात लोकांपुढे मांडले जाते त्यावर, आणि ते ज्या भाबडेपणाने वाचले जाते त्यावर.

तापापासून तक्त्यापर्यंत

आजारी माणसापासून छापील तक्त्यापर्यंतचा रस्ता आधी पाहू. 2004 साली देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला आणि महाराष्ट्र त्याच्या पहिल्या टप्प्यातच सामील झाला. या पद्धतीत माहिती तीन पातळ्यांवर गोळा होते. उपकेंद्राची आरोग्यसेविका लक्षणांवरून नोंद करते: ताप, खोकला, जुलाब, कावीळ, अचानक आलेला लुळेपणा. प्राथमिक आरोग्य केंद्राचा किंवा रुग्णालयाचा डॉक्टर आपल्या अंदाजाप्रमाणे रोगाचे नाव लिहितो. प्रयोगशाळा तपासणीने सिद्ध झालेले रुग्ण कळवते. सोमवार ते रविवार अशा आठवड्याचे हे तीन फॉर्म जिल्ह्याच्या सर्वेक्षण कक्षाकडे, तेथून पुण्यातील राज्य कक्षाकडे आणि पुढे दिल्लीला जात. 2021 पासून हीच नोंद संगणकावर आणि रुग्णागणिक करण्याची पद्धत देशभर आली.

आता डेंग्यूचे उदाहरण घेऊ. डेंग्यूच्या विषाणूचा संसर्ग झालेल्या दर चार माणसांपैकी सुमारे तिघांना लक्षात येण्याजोगा आजार होतच नाही. म्हणजे एखाद्या तालुक्यात 1000 जणांना संसर्ग झाला, तर आजारी पडणारे सुमारे 250. समजा, त्यांपैकी 50 जण घरीच काढा आणि तापाची गोळी घेऊन बरे झाले. उरलेले 200 डॉक्टरकडे गेले. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार, रुग्णालयात दाखल न होता ज्या आजारांवर उपचार घेतले गेले त्यांपैकी सुमारे 30 टक्केच सरकारी दवाखान्यांत गेले. त्या हिशेबाने 140 जण खासगी दवाखान्यात आणि 60 सरकारी दवाखान्यात गेले असे धरू. खासगी डॉक्टर पुष्कळदा झटपट किटवर तपासतात. पण सरकारी व्याख्येनुसार किटवर होकारार्थी आलेला रुग्ण संशयित धरला जातो. निश्चित निदानासाठी एलायझा चाचणी हवी. तीही वेळेवर व्हायला हवी, कारण पहिल्या पाच दिवसांत विषाणूचे प्रथिन शोधायचे असते आणि त्यानंतर प्रतिपिंडे. चुकीच्या दिवशी योग्य ती चाचणी झाली नाही तर डेंग्यू असूनही उत्तर नकारार्थी येते. अशा सगळ्या गाळण्यांतून पार होऊन तक्त्यात पोचणारे रुग्ण पंचवीस-तीस असले तर नवल नाही.

येथे 60 आणि 140 पासून पुढचे आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत. पण प्रत्यक्षातील गळती याहून लहान असते असे मानायला आधार नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तमिळनाडूतील मदुराई जिल्ह्याच्या सखोल पाहणीवरून देशाचा अंदाज बांधला गेला. 2006 ते 2012 या काळात डॉक्टरी निदान झालेले डेंग्यूचे रुग्ण दर वर्षी सरासरी सुमारे 57 लाख 80 हजार असावेत आणि सरकारी नोंद मात्र सुमारे 20 हजारांची होती, असे त्यात दिसले. फरक 282 पट. एका जिल्ह्यावरून देशाचे गणित मांडताना चूक होऊ शकते, हे मान्य. ती चूक दहापट असली, तरी निष्कर्ष बदलत नाही.

किती सापडले, आणि किती शोधले?

याबाबतीत हिवतापाची नोंदपद्धती डेंग्यूपेक्षा कितीतरी शहाणी आहे, आणि तिचा हा शहाणपणा आपण शाळेत शिकवत नाही. हिवताप विभाग तीन आकडे ठेवतो. लोकसंख्येच्या किती टक्के लोकांचे रक्तनमुने वर्षभरात तपासले, हा पहिला. तपासलेल्या नमुन्यांपैकी किती टक्के दूषित निघाले, हा दुसरा. दर हजार लोकसंख्येमागे किती रुग्ण सापडले, हा तिसरा. तिसरा आकडा पहिल्या दोहोंच्या गुणाकारातून येतो: दोन टक्केवाऱ्या गुणायच्या आणि दहाने भागायचे. वर्तमानपत्रात येतो तो हा तिसरा, आणि तोही बहुधा दर हजारी न येता नुसती संख्या म्हणून.

समजा, 'अ' आणि 'ब' हे प्रत्येकी 20 लाख वस्तीचे दोन जिल्हे आहेत. 'अ'ने 2,00,000 रक्तनमुने तपासले. त्यांत 2,000 दूषित निघाले. 'ब'ने 40,000 तपासले. त्यांत 1,200 दूषित निघाले. स्तंभालेखात 'अ'चा स्तंभ उंच दिसेल. दर हजारी रुग्ण 'अ'मध्ये 1 आणि 'ब'मध्ये 0.6. पण 'अ'मध्ये तपासलेल्या शंभरांत एक रुग्ण सापडला, तर 'ब'मध्ये तीन. 'ब'ने 2,00,000 नमुने तपासले असते तर 6,000 रुग्ण मिळालेच असते, असे म्हणता येणार नाही. कारण कमी नमुने घेणारा कर्मचारी साहजिकच जास्त संशय येतो त्यांचेच रक्त आधी घेतो. पण 1,200 हून अधिक मिळाले असते याची शक्यता फार मोठी आहे. मग वर्षअखेरीच्या बैठकीत कोणत्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला उभे करून जाब विचारला जाईल? उंच स्तंभाच्या. काम चोख करणारा 'अ' जिल्हा बोलणी खाणार आणि 'ब' जिल्हा शाबासकी घेऊन जाणार.

एक प्रसिद्ध वाक्य

हिवतापाविषयी एक वाक्य आपण सर्वांनी वाचले आहे, वर्गात सांगितलेही आहे. स्वातंत्र्यानंतर देशात दर वर्षी हिवतापाचे साडेसात कोटी रुग्ण होते, 1953 साली नियंत्रण मोहीम सुरू झाली आणि 1961 पर्यंत रुग्णसंख्या पन्नास हजारांच्या आसपास आली. वाक्यातले दोन्ही आकडे सरकारी कागदोपत्री आहेत. पण दोन्हींची जात वेगळी आहे. साडेसात कोटी हा अंदाज होता, पाहण्या आणि प्लीहा वाढलेल्या मुलांचे प्रमाण यांच्या आधाराने बांधलेला. 1961 चे 49,151 हे सूक्ष्मदर्शकाखाली रक्त तपासून एकेक मोजलेले रुग्ण होते. पहिला आकडा सगळ्या रोगाविषयी बोलतो, दुसरा फक्त सापडलेल्या रोगाविषयी. दोन्ही एका वाक्यात शेजारी बसवले की मोहीम होती त्याहून अधिक यशस्वी दिसते.

मोहीम यशस्वी झाली होती यात शंका नाही. डीडीटीने हिवताप खरोखरच मोठ्या प्रमाणात हटवला. मग 1976 साली तो उलटला आणि 64 लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. आमचा आक्षेप फक्त मापावर आहे. घटीचे गुणोत्तर या दोन आकड्यांवरून काढता येत नाही, आणि तरी ते पिढ्यान्‌पिढ्या काढले जाते.

अलीकडचे आकडेही असेच वाचावे लागतात. 2015 साली देशात हिवतापाचे 11 लाख 69 हजार रुग्ण नोंदले गेले, 2023 साली 2 लाख 27 हजार. त्याच 2023 सालासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सुमारे 20 लाखांचा आहे. यांत कोणी खोटे बोलत नाही. एक मोजणी आहे, दुसरा अंदाज. उतरता कल दोन्हींत दिसतो, म्हणून तो विश्वासार्ह. रोगाचा आकार मात्र दोन्हींत सारखा नाही, हे विद्यार्थ्यांना सांगायलाच हवे.

आकडा वाढला, रोग घटला

आता उलटे उदाहरण. क्षयरोगाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणे 2012 साली खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले. तोवर खासगी दवाखान्यांतले रुग्ण राष्ट्रीय नोंदीत जवळजवळ नव्हतेच. ते किती होते? 2016 साली काही संशोधकांनी औषधविक्रीच्या आकड्यांवरून हिशेब मांडला. क्षयाची अमुक औषधे खासगी दुकानांतून विकली गेली, एका रुग्णाला इतके महिने इतकी लागतात, म्हणून रुग्ण इतके. 2014 साठी उत्तर आले सुमारे 22 लाख. तोवर धरून चाललेल्या संख्येच्या हे दुप्पट-तिप्पट होते.

हळूहळू हे रुग्ण नोंदीत येऊ लागले. 2019 साली देशातील नोंदी 24 लाखांवर गेल्या. 2020 साली त्या 18 लाखांवर घसरल्या. त्या वर्षी क्षयाचे जंतू नरमले नव्हते. टाळेबंदी होती, दवाखाने कोव्हिडमध्ये गुंतले होते आणि खोकणारा माणूस घराबाहेर पडायला भीत होता. 2023 साली नोंदी पुन्हा साडेपंचवीस लाखांवर गेल्या. पण याच काळात, म्हणजे 2015 ते 2023 या वर्षांत, दर लाख लोकसंख्येमागे नव्याने क्षय होणाऱ्यांचा अंदाज 237 वरून 195 वर उतरला. नोंदींची रेषा वर, रोगाची रेषा खाली. फक्त पहिली रेषा पाहणारा वाचक म्हणेल 'क्षयरोग वाढतो आहे', आणि 2020 सालापुरते म्हणेल 'क्षयरोग आटोक्यात आला'. दोन्ही वेळा तो चुकेल.

शून्य आणि कोरी जागा

मग नोंदीवर विश्वास ठेवावा तरी कधी? याचे उत्तम उत्तर पोलिओच्या सर्वेक्षणाने दिले आहे. आमच्या मते ते शालेय विज्ञानात धडा म्हणून यावे इतके सुंदर आहे.

पोलिओ संपत आला तेव्हा प्रश्न असा होता, की एखाद्या जिल्ह्यातून 'शून्य रुग्ण' असा अहवाल आला तर त्याचा अर्थ काय लावायचा? पोलिओ नाही म्हणून शून्य, की कोणी पाहिलेच नाही म्हणून शून्य? पोलिओ शोधत बसून हा प्रश्न सुटत नाही. म्हणून पंधरा वर्षांखालील मुलाच्या हातापायांत अचानक आलेला कोणताही लुळेपणा, मग त्याचे कारण काही असो, कळवायचा असे ठरले. पोलिओ नसला तरी इतर कारणांनी असा लुळेपणा काही मुलांना येतोच. त्याचे प्रमाण दर वर्षी दर लाख मुलांमागे निदान एक असते असे धरले गेले. भारताने स्वतःसाठी दोनाचा निकष ठेवला. लुळेपणा आल्यापासून 14 दिवसांच्या आत, किमान 24 तासांच्या अंतराने मुलाच्या शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि ते प्रयोगशाळेत पाठवायचे. अशा नमुन्यांचे प्रमाण 80 टक्क्यांच्या खाली जाता कामा नये.

महाराष्ट्रात पंधरा वर्षांखालील मुले सुमारे 3 कोटी धरली, तर पोलिओ अजिबात नसतानाही दर वर्षी किमान 600 लुळेपणाच्या नोंदी यायला हव्यात. त्या आल्या, त्यांचे नमुने तपासले गेले आणि एकातही पोलिओचा विषाणू निघाला नाही, तर ते शून्य खरे. नोंदीच आल्या नाहीत, तर ती कोरी जागा. पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात जानेवारी 2011 मध्ये भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला. त्यानंतर तीन वर्षे थांबून 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्याच्यामागे लाखो मुलांच्या तपासलेल्या, पोलिओ नसलेल्या लुळेपणाचा पुरावा होता. आपली नजर शाबूत आहे की नाही हे ही पद्धत स्वतःच तपासत राहते. डेंग्यू, विषमज्वर किंवा कावीळ यांच्या तक्त्यांत अशी सोय नाही. तिथे शून्याचा अर्थ वाचकाने आपल्या मनाने लावायचा असतो.

खरे सांगण्याची किंमत

इथवर आम्ही जे लिहिले ते मोजमापाविषयी होते. पण या आकड्यांना माणसे घाबरतात, आणि खरा धोका तिथे आहे.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, ओळखला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. पुण्यात रँडच्या अधिकाराखाली सैनिक घराघरांत शिरून रुग्ण शोधू लागले. सापडलेल्या रुग्णाला उचलून नेत, सामान जाळत, स्त्रियांची तपासणी करताना मर्यादा पाळत नसत. 22 जून 1897 रोजी गणेशखिंडीत जे घडले ते आपण इतिहासात शिकवतो. रोगाच्या मोजणीच्या दृष्टीने या घटनेचा जो धडा आहे तो मात्र शिकवत नाही. लोकांनी रुग्ण लपवले. कळवणे म्हणजे घराचा नाश ओढवून घेणे असे झाल्यावर दुसरे काय होणार? तपास जितका कडक, तितकी नोंद अपुरी, आणि लपलेल्या रुग्णाजवळ रोग पसरायला मोकळे रान.

आज सैनिक येत नाहीत. पण ज्या जिल्ह्याचा स्तंभ उंच त्याला दोष, अशी रीत असली की रुग्ण लपवण्याचे काम माणसाऐवजी कागद करू लागतो. 'डेंग्यू' ऐवजी 'विषाणूजन्य ताप' लिहिले जाते. नमुने पाठवायचे राहून जातात. आरोग्यसेविकेला कोणी खोटे लिही असे सांगत नाही. जास्त लिहिले की जास्त प्रश्न विचारले जातात, एवढे तिला अनुभवाने कळते.

2021 च्या जुलै-ऑगस्टमध्ये देशात रोज सापडणाऱ्या कोव्हिडच्या रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या केरळात होते. केरळचा कारभार ढासळल्याची चर्चा सुरू झाली. त्याच सुमारास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चौथ्या पाहणीचे निष्कर्ष आले. कोरोनाविरुद्धची प्रतिपिंडे मध्य प्रदेशात 79 टक्के लोकांच्या रक्तात होती, महाराष्ट्रात 58 टक्के आणि केरळात 44.4 टक्के, म्हणजे पाहणीतील राज्यांत केरळात सर्वांत कमी. लसीमुळे आलेली प्रतिपिंडेही यात मोजली गेली होती, आणि लसीकरणात तर केरळ पुढेच होते. तेव्हा संसर्ग तिथे तोवर कमी लोकांपर्यंत पोचला होता, असे म्हणावे लागते. जे बाधित झाले त्यांतले पुष्कळसे मोजले गेले होते, म्हणून स्तंभ उंच. अर्थात केरळला सर्वच बाबतीत निर्दोष ठरवायचे कारण नाही. मृत्यूंच्या नोंदीत त्या राज्याला पुढे मोठी भर घालावी लागली. पण रुग्णसंख्येवरून जी टीका झाली तिची दिशा चुकली होती, आणि अशी टीका पाहून दुसऱ्या राज्यांनी काय धडा घेतला असेल, याचा विचार करावा.

मग आकडे टाकून द्यायचे का?

मुळीच नाही. रोज दहा मिनिटे मागे असणारे घड्याळ निरुपयोगी नसते. ते नेहमी दहाच मिनिटे मागे असते हे ठाऊक असले की गाडी चुकत नाही. घोटाळा होतो तो घड्याळ कधी दहा, कधी चाळीस मिनिटे मागे पडते तेव्हा. एकाच जिल्ह्यात, त्याच पद्धतीने, त्याच प्रमाणात तपासण्या होत असतील, तर या आठवड्याचा आकडा गेल्या आठवड्याच्या दुप्पट झाला ही बातमी मोलाची आहे. साथ लवकर ओळखण्यासाठी सर्वेक्षण असते आणि त्यासाठी अपुरे आकडेही पुरतात. दोन जिल्ह्यांची किंवा दोन वेगळ्या काळांची तुलना करायची असेल, तर मात्र दोन्ही घड्याळे किती मागे आहेत हे आधी कळायला हवे.

म्हणून रुग्णसंख्येचा कोणताही तक्ता पाहताना चार प्रश्न विचारावेत. रुग्ण कोणाला म्हटले आहे: लक्षणे असलेल्याला, डॉक्टरला वाटले त्याला, की चाचणीत सिद्ध झालेल्याला? किती जणांना तपासले? किती दवाखान्यांनी आणि प्रयोगशाळांनी कळवायला हवे होते, आणि प्रत्यक्षात किती जणांनी कळवले? आणि दर लाखी प्रमाण काढले असेल तर ते कोणत्या लोकसंख्येवर? 2021 ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. त्यामुळे त्यानंतरच्या अनेक दरांचा छेद 2011 च्या आधारे पुढे मोजलेला अंदाज आहे, हेही ध्यानात ठेवावे.

रोग सर्वेक्षण प्रकल्पाच्या साप्ताहिक उद्रेक अहवालाची येथे आवर्जून स्तुती करायला हवी. रुग्ण आणि मृत्यू यांच्या रकान्यांबरोबर त्यात उद्रेक सुरू झाल्याची तारीख आणि तो कळवल्याची तारीख असे दोन रकाने असतात. या दोन तारखांची वजाबाकी म्हणजे आपल्या डोळ्यांना किती उशिरा दिसते याचे माप. आम्हाला तो त्या अहवालातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो, आणि त्यावर कोणी मथळा छापत नाही. क्षयरोगात घट दाखवणाऱ्या जिल्ह्यांना पदके देतानाही नुसत्या नोंदींवर भिस्त न ठेवता घरोघर पाहणी आणि औषधविक्रीचे आकडे पडताळण्याची पद्धत ठेवली आहे. हा मार्ग योग्य आहे. राज्याने डेंग्यू आणि इतर रोगांचे तक्ते छापताना रुग्णांशेजारी तपासण्यांचा आणि अहवाल देणाऱ्या केंद्रांचा रकाना छापावा, एवढी आमची साधी मागणी आहे. ही माहिती बहुतेक ठिकाणी जमा होतच असते.

वर्गात करून पाहण्याजोगे

न मोजलेले मोजता येते का? काही अंशी येते, आणि त्याची युक्ती आठवी-नववीच्या वर्गात सहज दाखवता येते. शिक्षकाने एका पानाच्या मजकुरात शुद्धलेखनाच्या चुका मुद्दाम पेराव्यात. किती, ते सांगू नये. दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांना न विचारता त्या शोधाव्यात. समजा, एकाला 20 सापडल्या, दुसऱ्याला 15, आणि दोघांच्या यादीत समान अशा 10 निघाल्या. दुसऱ्याच्या 15 पैकी पहिल्याने 10 टिपल्या होत्या, म्हणजे पहिल्याची नजर दोन-तृतीयांश चुका पकडते. तेव्हा त्याच्या 20 चुका म्हणजे एकूण चुकांचा दोन-तृतीयांश भाग, आणि एकूण चुका सुमारे 30. दोघांनी मिळून वेगवेगळ्या 25 पाहिल्या. कोणालाच न दिसलेल्या 5 असाव्यात. मग शिक्षकाने खरी संख्या सांगावी.

हीच युक्ती चंद्रशेखर आणि डेमिंग यांनी 1949 साली जन्ममृत्यूंच्या नोंदीसाठी मांडली, आणि त्यासाठी कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथील नोंदी वापरल्या. निबंधकाची यादी ही एक नजर आणि घरोघर फिरून केलेली यादी ही दुसरी. रोगांच्या बाबतीत दवाखान्यांची यादी आणि प्रयोगशाळांची यादी अशा पडताळून पाहता येतात. अट एकच: दोन्ही नजरा स्वतंत्र हव्यात. दवाखान्याने पाठवलेलेच नमुने प्रयोगशाळा तपासत असेल तर समान नावे फुगतात आणि न सापडलेल्यांचा अंदाज कमी येतो. वर्गातही दोन विद्यार्थ्यांना शेजारी बसवून पाहावे. एकमेकांच्या वहीत डोकावले की उत्तर कसे बिघडते ते लगेच दिसेल.

शाळेचा हजेरीपट हाही रोगाचा माग सांगणारा कागद आहे. एकाच वाडीची सहा मुले एका आठवड्यात तापाने गैरहजर राहिली, तर ते शिक्षकाला आरोग्य केंद्राच्याही आधी कळलेले असते. ते कळवावे. आणि पुढच्या वेळी स्तंभालेखाचा तो प्रश्न घालताना त्यात रक्त तपासलेल्यांचा एक रकाना वाढवावा, आणि विचारावे: 'हिवताप कोणत्या जिल्ह्यात जास्त असावा असे तुम्हाला वाटते, आणि खात्रीसाठी तुम्हाला आणखी कोणती माहिती लागेल?' उत्तराच्या दुसऱ्या भागाला पहिल्यापेक्षा जास्त गुण ठेवावेत.